ओळ चुकीच्या जागी पडली

कर्जत

प्रिय इद्रिस,

हे पत्र सफियाच्या हातून येतंय म्हणून तिच्यावर डोळे वटारू नकोस. बहीण तुझीच असली तरी मैत्रीण माझी आहे. तू जुना ईमेल बंद केलास, नंबर बदललास आणि मोहोपाड्याला कारखान्याच्या नोकरीत जाऊन बसलास. सफिया सांगत होती, तिथे तुला सगळे कॉम्प्युटरवाले साहेब म्हणतात आणि प्रिंटरमध्ये अडकलेले कागद काढायला बोलावतात. मी खूप हसले. मग घरी येऊन रडले, तेही सांगून टाकते.

माझं बरं चाललंय. नोकरी घरूनच, आणि काम तेच, ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड तपासायचा. अम्मी अजून विचारते, दिवसभर बसून करतेस काय. परवा तिला सांगितलं की तू आमटी न चाखता नुसती बघून मीठ कमी म्हणतेस ना, तसं आमचं एक टूल आहे. कोड न चालवता नुसता वाचून कुठे बिघडेल ते सांगतं. ती म्हणाली, माझं चुकतंही कधीकधी. म्हटलं, त्याचंही चुकतं. उगाच ओरडतं, आणि त्यातली खरी ओरड कुठली ते माणसाने ओळखायचं. यावर तिने विषयच बदलला, कारण तिला तू आठवलास.

कशेळ्याला तुझ्या मामूंच्या दुकानावरची खोली मला अजून तशीच दिसते. खाली जीपवाले मुरबाड, मुरबाड म्हणून गळा काढायचे आणि वर आपण टूलचे इशारे एकेक करून निवडत बसायचो, तांदळातले खडे निवडावेत तसे. जगभरातले लोक हौसेने लिहितात त्या कोडमध्ये आपल्या दुरुस्त्या जात होत्या आणि कशेळ्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला वाटायचं, हे असंच चालणार. काम एक, पुढे घरही एक. तू कधी बोलला नाहीस, मीही नाही, पण अम्मी आणि तुझ्या मामी ते धरूनच चालल्या होत्या.

मग ते कुलुपाचं प्रकरण निघालं. डिस्कवर लिहिताना एका कामात दुसरं घुसू नये म्हणून कोड कुलूप लावतो आणि काम झालं की उघडतो. टूल म्हणालं, कोडच्या या तुकड्यातून, या फंक्शनमधून, एका वाटेने बाहेर पडलं तर कुलूप लागलेलंच राहतं. तू उघडण्याची एक ओळ घातलीस. ती स्वीकारली गेली, आणि लोकांची मशीन्स गोठायला लागली. ज्या कोडने ते फंक्शन बोलावलं होतं, तो नंतर स्वतःच कुलूप उघडत होता. एकच कुलूप दोनदा उघडलं जायला लागलं. त्या भागाच्या प्रमुखाने तुझी ओळ काढून टाकली आणि सगळ्यांसमोर लिहिलं की टूलला गप्प करण्यासाठी काही लोक चांगला कोड बिघडवतात. लागण्यासारखंच होतं. पण तिथे रोज कुणाला तरी ऐकावं लागतं, मीही ऐकलंय. तू मात्र लॅपटॉप मिटलास आणि म्हणालास, "त्यांचं बरोबर हाय गं. आपल्याला समजत नाय ते काम आपण कशाला करायचं?"

ते 'आपल्याला' मला अजून टोचतं. मला समजत होतं, आणि तुलाही समजत होतं. रुसायचं तर त्या लोकांवर रुसायचंस. तू कामावर रुसलास आणि त्या कामात मी होते, हे तुझ्या लक्षातच आलं नाही. किती दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आता त्याही आटल्यात, नुसतं वाईट वाटतं.

आता बातमी ऐक. आमच्याकडे चाचणीतलं एक मशीन अधूनमधून अडकायचं. शोधत शोधत मी त्याच फाइलपाशी पोचले. टूल चालवलं तर त्याने त्याच जागी तीच जुनी ओरड केली. तुझ्या प्रकरणापासून तो इशारा खोटा म्हणूनच सगळे सोडून देतात, मीही देणार होते. पण ते फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं ते एकदा बघितलं. दोन ठिकाणांहून. पहिलं नंतर कुलूप उघडतं, ते साऱ्यांना ठाऊक होतं. दुसरं उघडतच नाही, आणि ते तेव्हाही तिथेच होतं. टूल खरं बोलत होतं, इद्रिस. दोष तुला दिसला होता, फक्त तुझी ओळ चुकीच्या जागी पडली. ती त्या दुसऱ्या ठिकाणी हवी होती. तुला झापणाऱ्याने एकच ठिकाण पाहिलं, आणि मग तूही, मीही.

दुरुस्ती मी लिहून ठेवली आहे. दोष आधी कुणी दाखवला त्याचं नाव खाली लिहायचा आपला रिवाज, आणि ते त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही, म्हणून हे पत्र. शुक्रवारी मी ती पाठवणार, तू हो म्हण नाहीतर नको. मशीन्स अडकत असताना मला कुणाच्या रुसव्यासाठी थांबता येत नाही. तू नको म्हणालास तर माझं एकटीचं नाव जाईल. तिथलं काही पुसलं जात नाही. उद्या कुणी तुझं नाव शोधलं तर त्याला तुझी चूक तेवढी सापडेल, आणि तुझं जे बरोबर होतं ते माझ्या नावावर असेल. तू परत ये असं मी म्हणत नाही. अब्बांनी पनवेलचं स्थळ आणलंय, आणि या वेळी मी नकार दिलेला नाही. पण तुझं श्रेय घेऊन मला त्या घरात जायचं नाही. सफियाकडे नुसतं हो कळव. आपली नावं एकाखाली एक लिहिली जातील अशी आता तेवढीच जागा उरली आहे.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
अलफिया