भोवऱ्याला शिस्त

३ मार्च, दुपार
ताईच्या कमरेचं ऑपरेशन झालं. चार आठवडे सक्तीची विश्रांती. तोवर तिचा तबेला आणि चारही घोडे माझ्या ताब्यात. फोनवर म्हणाली, जमेल ना रे तुला? मी नुसता हसलो. बत्तीस वर्षं ऑफिसात बेचाळीस माणसं सांभाळली आहेत. घोड्यांची निदान युनियन नसते.
बायको म्हणाली, मीही येते. म्हटलं, ये. चहाला कुणीतरी लागेलच.

४ मार्च
स्टाफची पाहणी केली. आजीबाई: पांढरी घोडी, वय सत्तावीस, रिटायरमेंटला आलेली. वकील: तपकिरी, प्रत्येक गोष्टीला हरकत. टिकली: कपाळावर पांढरा ठिपका, समोर येईल ते खाते. आणि भोवरा: काळा, तीन वर्षांचा, पाठीवर अजून कुणालाही बसू दिलेलं नाही. खोगीर दिसलं की जागच्या जागी गरगर फिरतो.
ताईच्या रायडिंग क्लासची मुलं एक एप्रिलला परत येणार. आजीबाई थकल्यामुळे एक घोडा कमी पडतो. तोवर भोवरा तयार झाला नाही, तर त्याला दुसरीकडे देऊन टाकायचं असं ताईचं ठरलंय. तिच्याच हातावर जन्मलाय तो.
म्हटलं, ताई, घोडामैदान जवळच आहे. निश्चिंत राहा.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. स्वतः खरारा करणे. आवाज न चढवणे.

६ मार्च, सकाळी ८.४०
पाचचा गजर वाजला. पण अंधारात घोडे दचकतात असं कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्या हिताचा विचार करून पुन्हा झोपलो. खाली आलो तेव्हा बायकोने लीद काढून, पाणी भरून, खरारासुद्धा उरकला होता. दोन ठिकाणी केस उलटे दिसले. तिच्या लक्षात आणून दिलं. तिने ब्रश माझ्याकडे नुसता धरला. मी घेतला नाही. एकाच कामाला दोन माणसं लावणं चूक.

७ मार्च
वकील माझ्या डाव्या पायावर उभा राहिला. मी त्याला शांतपणे बाजूला व्हायला सांगितलं. अकरा वेळा. (शेवटचे चार शांतपणे नव्हे.) बायकोने येऊन त्याच्या खांद्याला बोट लावलं आणि तो हटला. माझं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला, इतकंच.

९ मार्च
भोवऱ्याच्या ट्रेनिंगचं वेळापत्रक तीन रंगांत करून भिंतीला लावलं. टिकलीने खाल्लं.

१० मार्च
पुन्हा केलं. उंचावर लावलं. टिकलीची मान माझ्या अंदाजापेक्षा लांब आहे.

११ मार्च
नाल ठोकायला नालबंद आला. मी भोवऱ्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा होतो. तो म्हणाला, साहेब, दोरी बाईंकडे द्या. तुम्ही घाबरलाय हे पाहून तो घाबरतोय. माणूस कामात चांगला असला तरी निरीक्षण कच्चं. त्याचा मान राखायचा म्हणून दिली. चारही नाल बसेपर्यंत भोवरा बायकोच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा होता. माझ्या आठवडाभराच्या शिस्तीचा परिणाम दिसू लागलाय.

१४ मार्च
भोवऱ्यावर खोगीर टाकलं. निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे खोगीर पाठीवर राहणं.

१५ मार्च
आज खोगीर राहिलं. मी राहिलो नाही. गवताच्या ढिगावर पडलो. जागा मीच आधी हेरून ठेवली होती.

१८ मार्च, संध्याकाळी ७
चंदीच्या पिंपाचं झाकण उघडं राहिलं. कुणाकडून, या चर्चेत आता अर्थ नाही. (माझ्याकडून.) आजीबाईने डोकं आत घालून पोटाला तड लागेपर्यंत दाणा खाल्ला. दुपारी बघतो तर पोटाकडे वळून वळून पाहतेय, घामाने निथळलेली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. म्हणाले, वय झालंय, सांगता येत नाही. हिला चालवत राहा, लोळू देऊ नका.
बायको म्हणाली, मी चालवते. मी दोरी सोडली नाही. दोन ते सहा, कुंपणाला लागून गोल गोल. ती थांबली की मी बोलायचो. काय बोलणार? ऑफिसातलंच. मला डावलून खालच्या माणसाला प्रमोशन दिलं होतं, ते सगळं सांगितलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तिने एक कान माझ्याकडे वळवला.
सहा वाजता तिने लीद टाकली. डॉक्टरांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बायको रडली. माझ्या डोळ्यात गवताची काडी गेली होती.

१९ मार्च
कंबर धरली. डॉक्टरांनी (माणसांच्या) आठ दिवस पडून राहायला सांगितलं. खिडकीतून सूचना देतो. बायको म्हणते, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. घोडे आहेत, शेळ्या नव्हेत, हे तिला सांगून ठेवलं.

२४ मार्च
सकाळी खिडकीतून पाहिलं, भोवऱ्याच्या पाठीवर घामाचा डाग. आकार थेट खोगिराचा. बायकोला विचारलं. म्हणाली, झोपला असेल तसा. शक्य आहे.

३० मार्च
ताई आली. वॉकर घेऊन, हळूहळू. तिला अंगणात खुर्चीवर बसवलं आणि प्रात्यक्षिक जाहीर केलं. भोवऱ्यावर चढलो. गिरकी नाही! ताईने तोंडावर हात ठेवला. मी 'चल' म्हटलं. तो चालला, तो सरळ बायकोपाशी. तिच्या ओढणीत तोंड खुपसून उभा राहिला. मी सगळ्या आज्ञा देऊन पाहिल्या, मराठीत आणि इंग्लिशमध्ये. शेवटी ताई म्हणाली, उतर रे बाबा, तिला बसू दे.
बायकोने ओढणी कमरेला खोचली आणि बसली. चाल, दुडकी, दौड, थांब. भोवरा ताईच्या खुर्चीपुढे येऊन थांबला आणि ताई त्याच्या तोंडाला तोंड लावून ढसाढसा रडली. आता कुठेही देणार नाही तुला, म्हणाली. मग विचारलं, हे कधी केलंस गं?
बायको म्हणाली, रोज पहाटे पाचला. यांच्या गजराने मला जाग यायची.
म्हणजे गजर माझाच होता. याची नोंद कुणी घेतली नाही.

१ एप्रिल
क्लास सुरू. ताईने कामं वाटून दिली. शिकवणार बायको. माझ्याकडे आजीबाई. डॉक्टरांनी तिला सकाळ-संध्याकाळ फिरवायला सांगितलंय, मलाही. दोघांना एकाच खात्यात टाकलं. पूर्वी असतं तर लेखी हरकत घेतली असती.
कुंपणापाशी एका मुलीने बायकोला विचारलं, ते आजोबा कोण? बायको म्हणाली, ते आमचे मोठे साहेब.
मुलीने आमच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, ती घोडी साहेबांना कुठे घेऊन चाललीय?
दोरी माझ्याच हातात होती. पुढे मात्र आजीबाई होती.