कोरीनच्या लग्नाची बिअर

३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ९.
बिअर करायचं सॉफ्टवेअर आलं. कोरीनचं लग्न १२ ऑक्टोबरला, पाहुणे एकशे ऐंशी, आणि बिअर तिचा बाप घरी करणार. काल फोनवर शब्द दिला. मुलगी एकुलती एक. हा शब्द मोडला तर तिला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण मोडतो कशाला? बत्तीस वर्षं ग्रीन बेच्या कागदाच्या गिरणीत टॉयलेट पेपरची जाडी मोजली आहे. बिअरमध्ये आहे काय? जव, पाणी, हॉप्स, यीस्ट. चार वस्तू.

माझा मेहुणा वेन्डेल तीस वर्षं अंदाजपंचे बिअर करतोय. लाकडी दांड्यावर चाकूने दोन खाचा पाडल्यात, तेच त्याचं मोजमाप. बिचारा.

दुपारी २.
सॉफ्टवेअर रेसिपी देतच नाही. आधी विचारतं, तुमचं पातेलं केवढं? तासाला वाफ किती जाते? तळाशी किती उरतं? याला म्हणतात शिस्त. पातेलं नव्हतंच. वीस गॅलनचं मागवलं. बाजूला काचेची नळी आहे, आतलं पाणी बाहेरून मोजता येतं.

१७ ऑगस्ट
गॅरेजमध्ये पहिली चाचणी. नुसतं पाणी, एक तास. वाफ १.९ गॅलन.

१८ ऑगस्ट
तेच पाणी, तोच तास. १.३. काल गॅरेजचं दार उघडं होतं. वारा! वारा मोजायचं यंत्र मागवलं.

वेन्डेल डोकावला. काय शिजतंय म्हणाला. पाणी, म्हटलं. वास घेऊन बघितला. मग म्हणे, लग्न यंदाच आहे ना, नॉर्बर्ट? पाया पक्का करणं म्हणजे काय ते काही लोकांना कधीच कळत नाही.

१ सप्टेंबर
तासभर उकळून पाणी दीड गॅलन वाढलं. बाहेरून नळीत चारदा बघितलं. वाढलंच आहे. सॉफ्टवेअर उणे वाफ घेत नाही, लाल अक्षरात ओरडतं. सॉफ्टवेअरवाल्यांना पत्र लिहिलं. तीन पानी, पण शांत शब्दांत.

२ सप्टेंबर
उलगडा झाला. मी घरात कॉफी पीत असताना ऑड्रीने पातेल्यात चार डझन मक्याची कणसं सोडली होती. म्हणते, एवढं मोठं भांडं रिकामं उकळतंय, मला बघवेना. लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्या कामाचं स्वरूप बाईला समजलेलं नाही. आकडा रद्द.

कणसं छान होती. सात खाल्ली.

८ सप्टेंबर
आज टोमॅटो. एकतीस बरण्या भरल्या तिने. पातेलं कोणाला कधी मिळणार याचं लेखी वेळापत्रक मी फ्रिजवर लावलं. तिने त्याच्यावर चर्चचं पत्रक लावलं.

२१ सप्टेंबर
तीन थर्मामीटर, तिघांची तीन तोंडं. निवाडा करायला चौथा आणला. त्याचं तिघांशीही पटत नाही.

कोरीनचा फोन. बाबा, बिअर कशी आहे? म्हटलं, पाणी उत्तम आहे. हसली. पोरगी खूश आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार
ऐतिहासिक दिवस! सगळे आकडे भरले, सॉफ्टवेअरने हिरवा टिळा लावला, आणि दोन खेपांत तीस गॅलन काढा उतरवला. जवातून साखर किती निघेल? सॉफ्टवेअर म्हणालं चौऱ्याहत्तर टक्के. निघाली चौऱ्याहत्तर टक्के! गॅरेजमध्ये एकटाच नाचलो.

वेन्डेल आला. काढा चाखला. खरंच झकास आहे रे, म्हणाला. मग माझा खांदा थोपटून गेला. असूया.

संध्याकाळी ५.३०
काढा तळघरातल्या पिंपांत भरून यीस्ट घातलं. 'पुढे' दाबलं. कॅलेंडरचं पान उघडलं. पिण्यास तयार: २ नोव्हेंबर.

५.४०
बंद करून पुन्हा चालू केलं. २ नोव्हेंबर.

हे कॅलेंडरचं पान आजवर मी उघडलंच नव्हतं. कॅलेंडर आमच्याकडे स्वयंपाकघरात आहे.

९ ऑक्टोबर
यीस्टला इतके दिवस लागतात हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगायला हवं होतं. ऑड्री म्हणते, पाकिटावर लिहिलंय. ठळक.

कोरीनला विचारलं, लग्न तीन आठवडे पुढे नेता येईल का. हॉल मिळायचा नाही म्हणाली. हॉलवाल्याला विचारलंसुद्धा नाही.

तळघरात जाऊन पिंपांशेजारी बसलो. यीस्ट निवांत बुडबुडे काढत होतं. पोरीला एकच गोष्ट कबूल केली होती. रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

१३ ऑक्टोबर, रविवार
लग्न पार पडलं. चर्चच्या हॉलबाहेर वेन्डेलचा ट्रक उभा, त्यात आठ पिंपं. बिअर सोनेरी, नितळ. माझ्या पातेल्यात ऑड्रीने एकशे ऐंशी माणसांचं बुया केलं, म्हणजे कोंबडी-भाज्यांचं रस्सेदार कालवण, आणि फादर दोनदा वाढून घेऊन म्हणाले की या खेपेला पाणी अगदी बेताचं पडलंय. त्या पातेल्यातलं पाणी दोन महिने कोणी मोजलं हे मी त्यांना सांगितलं.

कोरीन माझ्याबरोबर नाचली. नाचता नाचता कानात म्हणाली, बाबा, रागावू नका, मामाला मी ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं होतं. तुम्हाला मोजायला निवांत वेळ मिळावा म्हणून. किती विचार करते बापाचा! मला भरून आलं. पाचवा ग्लास घेतला.

घरी येऊन वेन्डेलची कृती सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितली. अशी बिअर होऊच शकत नाही, असं स्पष्ट उत्तर आलं. छापून त्याला पाठवतो.

कोरीन आणि जावई २ नोव्हेंबरला जेवायला येणार, खास माझी बिअर प्यायला. स्वतःहून म्हणाली. चौघांसाठी तीस गॅलन म्हणजे जरा जास्तच, पण असू दे.

वेन्डेलही येतोय. एक पिंप घेऊन. कोरीननेच सांगितलंय त्याला.