दोन भिंतींमधला भाडेकरू

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार, बसूनच घे. गुडघा फार दुखतोय असं कळलं. नाग अजून आहे का, असं तू विचारलंस आणि भावोजींना पाठवते म्हणालीस. (त्यांचं कामच साप धरून रानात सोडायचं, नाग म्हटलं की त्यांना पाहुणा आल्यासारखा आनंद होतो.) पण इतक्यात नको.

वाटणीच्या वेळी मधली भिंत कुणी बांधायची यावरून दादाचं नि माझं फाटलं, ते तू पाहिलंच आहेस. शेवटी त्याने त्याची बांधली, मी माझी, आणि मध्ये वीतभर फट राहिली. गवंडी तोंड फिरवून हसला होता. अबोला मात्र आम्ही इमानेइतबारे पाळला. आता दादाच्या गिरणीत पीठ, पिठाला उंदीर, उंदरांमागे नाग. आणि नागाला ऐसपैस जागा कुठली, तर आमची फट! (आम्ही दोघांनी मिळून केलेली ती एकच वस्तू.) स्वभावाने गरीब आहे गं. वाटेत कुणी आलं तर फणा काढून फुस्स करतो, म्हणजे बाजूला व्हा म्हणतो. आपल्या घरात एवढं स्पष्ट कुणी बोलत नाही. पण चावला तर खेळ खलास, हेही खरंच.

फटीचं एक तोंड दादाच्या दारात, दुसरं माझ्या. तिकडे शिरला की इकडे निघणार. पहिल्यांदा दिसला तेव्हा दादा पलीकडून ओरडला, "तुझ्याकडे येतोय रे, पाय सांभाळ!" मी कापड बेतत होतो, कात्री हातातच राहिली. इतक्या वर्षांनी दादा माझ्याशी बोलला, ताई, आणि तेही माझ्या पायांच्या काळजीने. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीवर थाप पडते आणि "आहे का रे?" मग नागावरून बोलणं त्याच्या खोकल्यावर जातं, खोकल्यावरून आईवर. मला बरं वाटतं. फार बरं वाटतं.

तुझा,
धाकटा

ता. क. नाग नाहीये. नातू अंगणात रांगायला लागला, तुझ्या भावजयीने धसका घेतला (तिचंही बरोबरच आहे), म्हणून परवा भावोजींना गुपचूप बोलावलं. त्यांनी नेऊन लांब सोडला. घरी बोलू नका अशी शपथ मीच घातली होती, तेव्हा त्यांच्यावर डाफरू नकोस. दादा गिरणीत होता, त्याला पत्ताच नाही. कळलं तर थाप बंद होईल. तेवढं त्याला काही लिहू नकोस गं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात थाप पडली. "आहे का रे?" मी म्हटलं, "आहे." तर दादा म्हणतो, "हो ना, मीपण आत्ताच बघितला. चांगला फणा काढून बसलाय." आता एकतर फटीत दुसरा नाग आहे, नाहीतर आपला दादा खोटं बोलतोय. भावोजींना विचारून ठेव. पण पाठवू मात्र नकोस.