सोमवारच्या खिचडीवरचं तूप

अंबरनाथ
सोमवार, ८ मार्च १९९३

अजून डोकं तापलेलं आहे. सकाळी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पाहून डॉक्टर विचारतो, "आजोबा, तूप सोडलं ना?" मी म्हटलं, सोडलं. सोमवारच्या साबुदाण्याच्या खिचडीवर असतं तेवढंच, आणि उपवासाचं ते काही खाण्यात धरत नाहीत. तर म्हणतो कसा, "म्हणजे सहा दिवस पथ्य, आणि सातव्या दिवशी उपवास करून हृदयाचं वाटोळं?" काल मिसरूड फुटलेला माणूस.

त्याला काय ठाऊक? गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली, तेव्हापासून हिने माझ्यासाठी हे सोमवार धरलेत. शिवमंदिरात जाऊन येते, मग मला खिचडी वाढते. वर चमचाभर तूप, लहानपणी आई वरणभातावर सोडायची तसं. शाळेतली एखादी कविता घोळवावी तसा मी तो पहिला घास तोंडात घोळवतो. तो चमचा म्हणे विष. हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळ झाली. शेवटी सांगितलं. वाटलं, रडेल. तर म्हणाली, "मग सकाळीच नाही का बोलायचं? दुपारी दोनदा वाढून घेतलीत." आणि वर, "पुढच्या सोमवारपासून तुम्हाला भगर आणि ताक. डॉक्टरांनी चालायलाही सांगितलंय ना? मग मंदिरात तुम्हीच जा. तुमच्यासाठी मी किती चालू?"

माझ्या बाजूने बोलणारं या घरात कोणी नाही. तुपाचा चमचा तिने घासून फळीवर पालथा घातलाय. इथून दिसतो.