बिडी पेटवून आण

बाळापूर, मार्च १९६३

आदरणीय मामाजी यांच्या सेवेशी, जावई देवमन याचा मनापासून जयभीम.

इकडे मी, तुमची लेक भागीरथा आणि तुमची नात शालू असे तिघेही ठीक आहोत. तुमचा गुडघा थंडी सरल्यावर वळणावर आला असेल. सासूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं की नाही तेही कळवावं. पत्र लिहिण्यास कारण की, शालूला नेहमीप्रमाणे उन्हाळ्याच्या सुट्टीत वलगावला तुमच्याकडे पाठवायची आहे आणि तिच्याबद्दल तुम्हाला एक विनंती करायची आहे. विनंती लहान आहे. पण ती तुमच्या बिडीसंबंधी असल्यामुळे मी दौतीत टाक बुडवतो आणि तो वाळेपर्यंत बसून राहतो. मागे एकदा तुमच्या घरी जेवताना, भाजीत तिखट जरा कमी असतं तरी चाललं असतं, एवढंच मी बोललो होतो, तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नव्हता. तिखटाचं हे, मग बिडीचं काय होईल याची मला धास्ती आहे. म्हणून आधी सगळी हकीकत सांगतो, म्हणजे विनंतीपर्यंत पोचेस्तोवर ती तुमची तुम्हालाच सुचेल (अशी आशा).

झालं असं की नागपूरहून एक डॉक्टर आमच्या शाळेत आले. पोरं तंबाखूच्या नादी कधी लागतात, कोणाच्या संगतीनं लागतात आणि त्यांना आधीच कसं थांबवावं, याचं संशोधन ते गावोगाव फिरून करत होते. हेडमास्तर खुशालराव यांनी मला त्यांच्या दिमतीला दिलं, कारण सबंध शाळेत न ओढणारा आणि न चोळणारा मास्तर मी एकटाच. (हा गुण आहे हे मला प्रथमच कळलं. सोयरिकीच्या वेळी तुम्ही चारचौघांत म्हणाला होता, "पोट्टं बिडी पेत नाई, म्हंजे काईतरी खोट हाय.") डॉक्टरांनी येताच भिंतीवरच्या नकाशावर माणसाच्या फुप्फुसांचं एक मोठं चित्र टांगलं. एक फुप्फुस गुलाबी, दुसरं तव्याच्या बुडासारखं काळं. हे काळं तंबाखूचं, असं ते इतक्या थंडपणे म्हणाले की आयुष्यात बिडीला न शिवलेल्या माझा हात आपोआप छातीवर गेला. त्या दिवसापासून कोणी खोकलं की मी आधी कोण खोकलं ते पाहतो, आणि शालू खोकली तर तिला उजेडात नेऊन तिचा घसा बघतो.

डॉक्टरांची अटकळ अशी होती की पोरं बिघडतात ती मिसरूड फुटायच्या वयात आणि वाईट संगतीनं. म्हणून त्यांनी आधी सातवीच्या पोरांना विचारलं, बिडी कोणी तोंडाला लावली आहे, त्यांनी हात वर करा. एकही हात वर गेला नाही. (यातली निम्मी पोरं मधल्या सुट्टीत कापसाच्या जिनिंगच्या मागे धूर काढतात हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, पण वडीलधाऱ्यांसमोर कबूल कोण करील? मोठ्यांपुढे ओढू नये ही आपली रीत, ती पोरांनी पाळली.) मग डॉक्टर म्हणाले, आता अगदी लहान वर्ग दाखवा, जिथे बिडी माहीतच नसेल, म्हणजे तुलना करता येईल. मी मोठ्या अभिमानानं त्यांना माझ्या तिसरीच्या वर्गात नेलं.

मामाजी, सगळ्या वर्गानं हात वर केले. हसतहसत केले, पाढे येतात का विचारल्यावर करतात तसे. डॉक्टरांना वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, तर काहींनी दोन्ही हात वर केले. तेव्हा पुढच्या ओळीतल्या एका पोरीनं त्यांना समजावलं, "आबाची बिडी चुलीवर पेटवा लागते ना. एक झुरका ओढाच लागते, नाई तं वाटंत इझते." मग तर प्रत्येकाला आपापलं कसब सांगायचं होतं. निखारा कोणता घ्यावा, वारा असला तर ओंजळ कशी धरावी, ठसका आला तर तो गिळावा कसा. कोणी बाबाची पेटवतो, कोणी आजीची. एकानं तर हेडमास्तरांची शिपायाच्या शेगडीवर पेटवतो असंही सांगून टाकलं, आणि खुशालराव त्या वेळी नेमके दारात उभे होते. मी आपला खडूच्या डबीत काही सापडतं का ते शोधत राहिलो. डबीवरून नजर वर केली तेव्हा मागच्या ओळीत शालूचाही हात वर होता. कोणाची पेटवतेस असं डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं माझ्याकडे बघत हळूच सांगितलं, वलगावच्या आजोबांची. घरी काडेपेटी जपून वापरायची आणि चूल तर पेटलेलीच असते, असा साधा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो, आणि त्या झुरक्याचा विचार मीही कधी केला नाही.

संध्याकाळी शाळा कमिटीचे अध्यक्ष केशवराव यांच्या ओसरीवर गावातले मोठे लोक जमले. डॉक्टरांची मराठी पुस्तकी, म्हणून ते बोलतील ते मी आपल्या बोलीत सांगायचं असं ठरलं. डॉक्टर सरळ म्हणाले की या गावातल्या पोरांना बिडी शिकवणारी वाईट संगत म्हणजे त्यांचे आईबापच आहेत. आता तुम्हीच सांगा, ज्या ओसरीवर माझ्या बापाला कधी पाय ठेवू दिला नाही, तिथे उभं राहून मी केशवरावांना हे कसं सांगणार होतो? बदली झाली तर एकवेळ चालेल, पण आमच्या वस्तीतल्या लोकांना त्यांच्याच शेतांवर कामाला जायचं असतं. मी सांगितलं, डॉक्टरसाहेब म्हणतात, पोरं मोठ्यांचं फार ऐकतात. सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या. केशवराव तर इतके खूश झाले की त्यांनी आपल्या नातवाला हाक मारली, "जाय रे, डॉक्टरसाहेबासाठी बिडी पेटवून आण."

पोरगं माझ्याच वर्गातलं. ते आत गेलं आणि ओंजळीत बिडी धरून, डोळ्यांत पाणी आणि ठसका गिळत बाहेर आलं. ते पाहिलं आणि माझं काय झालं कोण जाणे. मी पुढे होऊन त्याच्या हातातली बिडी काढून घेतली आणि म्हणालो, "काकाजी, पोराले नका लावू. आपली बिडी आपण पेटवावं." पेटलेली बिडी माझ्या बोटांत तशीच होती. (टाकली तर अपमान, ठेवली तर चटका, चटका पत्करला.) केशवराव म्हणाले, "मंग मी उठू काय आता?" मी मान खाली घालूनच हो म्हणालो. ते उठले, पण चुलीकडे न जाता झोपायला गेले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलले नाहीत आणि खुशालराव मला पाहिलं की धामणगावकडची हवा चांगली असते असं सांगतात. दारापुढे कोणाचं पायताण वाजलं तरी बदलीचा हुकूम आला असंच वाटतं.

बाकी ठीक. सासूबाईंना जयभीम. कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्यावा.

तुमचा आज्ञाधारक,
देवमन

ता. क. विनंती लिहायची राहिलीच. शालू तिकडे असताना तिला तुमची बिडी पेटवायला सांगू नये. मी जावई आहे, लहान आहे, हे बोलणं मला शोभत नाही, सगळं कबूल. वर्षभर बोलू नका, सणाला बोलावू नका. पण ती आठ वर्षांची आहे मामाजी, आणि मला फार भीती वाटते.

आणखी ता. क. पत्र टाकण्यापूर्वी भागीरथाला वाचून दाखवलं. (तिच्या बापाला लिहिलेलं पत्र तिच्यापासून लपवण्याइतका मी शूर नाही.) ती भाकरी थापत होती. थापताथापताच म्हणाली, "बाबाले कायले लिवता? तिकडं तं पोरगी सुट्टीतच जाते. इथं मले रोज पेटवून देते ना." मी शाळेतून आल्यावर घरात जो वास येतो तो शेजारच्या पुंजाजीचा समजून मी त्या गरीब माणसाशी धड बोलत नव्हतो. कधीपासून ओढतेस, विचारलं, तर म्हणाली, बाबाची पेटवायला लागले तेव्हापासून. तेव्हा मामाजी, वरची विनंती आहे तशीच ठेवून एक नवी करतो. तुमच्या लेकीला तुमच्या हातचं एक कडक पत्र येऊ द्या, बिडी सोड म्हणून. ती फक्त तुमचंच ऐकते. पत्रात माझं नाव घेऊ नका. तुमची भीती मला सणासुदीपुरती. तिच्याबरोबर मला सगळा जन्म काढायचा आहे, आणि त्यातला एक दिवसही तिच्यावाचून काढायची माझी तयारी नाही.