पेलमबाईंचे निळे भांडे

शनिवार, २ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. सकलशीतविमर्दक, त्रिस्तरवस्त्रमंडित, स्थायीनिवासपत्रविभूषित, मोटारकारखान्यातील गुणवत्तानियंत्रणधुरंधर, सुहासिनीप्राणेश्वर (ही पदवी धर्मपत्नीने अद्याप मान्य केलेली नाही) श्रीमंत विश्वनाथराव सबनीस यांनी आज पाडव्याच्या मुहूर्तावर, अठरा खोकी व एक प्रेशर कुकर यांसह, कॅनडातील ओकव्हिलमधील हॅदर्ली या उपनगरात गृहप्रवेश केला. स्वागतास सनई नव्हती; खारी होत्या.

उपनगर सुबक आहे. शतकापूर्वी इंग्लंडहून आलेल्या गवंड्यांनी आणि माळ्यांनी ते वसवले आणि मागे राहिलेल्या परगण्यांची नावे रस्त्यांना देऊन स्वतःची समजूत घातली. आमची डॉर्सेट लेन. घरोघरी पितळी पाट्या: येथे १९१२ साली अमुक सुतार राहत असे. शेजारच्या बंद घराला मात्र पाटी नाही.

दुपारी पायरीवर झाकण घातलेले निळे चिनी मातीचे भांडे आढळले. आत सफरचंदांचा गरम क्रम्बल (वर भाजलेल्या पिठाचा गोड चुरा), सोबत चिठ्ठी: सुस्वागतम्, श्रीमती पेलम, शेजारून. म्हणजे घर बंद नसावे. सुहासिनी म्हणाली, याला म्हणतात शेजार. तुमच्या कोथरूडच्या सोसायटीत वीस वर्षांत कुणी विरजणसुद्धा दिलं नाही.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करणे हा आमच्या कुळात अक्षम्य अपराध होय. सुहासिनीने त्यात स्वहस्ते वळलेले अकरा बेसनलाडू रचले. इथे थँक्यू कार्ड पुरते, असे मी निवेदन केले. मग तुम्ही चहाबरोबर कार्डच खा, असा निवाडा झाला.

शेजारचे दार वाजवले. उत्तर नाही. भांडे पायरीवर ठेवून घरी आलो, खिडकीतून पाहिले, तो पायरी मोकळी. वृद्धा चपळ दिसते.

रविवार, १० नोव्हेंबर

भांडे पुन्हा आले. आत बटर टार्ट. आमच्याकडून करंज्या गेल्या. हे अन्नपूर्णांचे द्वंद्वयुद्ध असून मी त्यातील एकमेव लाभार्थी आहे. शेजारच्या खिडकीत समोरासमोर दोन खुर्च्या मांडलेल्या दिसतात. बसलेले कोणी दिसत नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज भांड्यात आमटी होती. गोडा मसाला, आमसूल, गूळ किंचित जास्त. ही माझ्या सासूबाईंच्या हातची चव. सासूबाईंना जाऊन सात वर्षे झाली.

मी तर्क लढवले: इंटरनेट, योगायोग, एखादी मराठी मोलकरीण. सुहासिनीने तर्क लढवले नाहीत. ती दोन वाट्या प्याली, डोळे पुसले आणि लगेच खांडवी करायला घेतली. भांडे तिसऱ्यांदा भरून गेले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा एक कोपरा आहे. तेथील अधिपती मिस्टर व्हिटलॉक, वय ऐंशी, यांना मी सहज पेलमबाईंविषयी विचारले.

ते म्हणाले, १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ही बाई निळ्या भांड्यातून घरोघरी अन्न पोचवी. लोक खात, पण संसर्गाच्या भयाने तिला कोणी घरात घेईना. भांडे धुऊन, रिकामे, तिच्या पायरीवर ठेवत. त्याच डिसेंबरात ती एकटी गेली. घर तेव्हापासून बंद. लेनमध्ये नवे कोणी आले की भांडे अजूनही येते. घासून, कणही न ठेवता, रिकामे परत करायचे, की संपले. तुम्हीही तसेच केले असेल, असे ते हसत म्हणाले.

मी म्हटले, आम्ही भरून पाठवले. तीनदा.

त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, कोणाच्या हाताने भरले? मग हळूच सांगितले: १९५६ साली एका डच सुनेने भरून पाठवले होते. तिच्या मृत्यूची नोंद नाही, गाव सोडल्याचीही नाही. बाईंच्या खिडकीत तेव्हा एकच खुर्ची असे.

बुधवार, २७ नोव्हेंबर

भांडे चौथ्यांदा आले. सुहासिनीला सर्व सांगितले. ती म्हणाली, अहो, बिचारीला शंभर वर्षांत त्या एका सुनेशिवाय कुणी घासभर परत दिलं नाही, आणि तुम्ही मला रिकामं भांडं न्यायला सांगता? मी कामावर गेल्यावर तिने चौथ्यांदा भरले. स्वतः नेऊन दिले.

परतलो तेव्हा बर्फात तिच्या जाण्याची पावले होती. येण्याची नव्हती. ती मात्र स्वयंपाकघरात बसलेली होती.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सुहासिनीचे हात गार. चूल पेटवत नाही, भांडे येईलच, म्हणते. आज तिने मला मिस्टर सबनीस म्हटले. लग्नाला सव्वीस वर्षे झाली —

विनोद सुचत नाही.

सोमवार, २ डिसेंबर

भांडे आले. क्रम्बलमध्ये काहीतरी हिरवे. चमच्याने उकरले — तिच्या दोन बांगड्या. तिचे मनगट मोकळे.

शेजारच्या खिडकीत आता तीन खुर्च्या.

व्हिटलॉकना फोन केला. म्हणाले, अजून घरात असेल तर वेळ आहे. रिकामे करा. स्वच्छ. तुमच्या हाताने —

मंगळवार, ३ डिसेंबर, दुपारी दोन

क्रम्बल कचऱ्यात टाकला. बांगड्या माझ्या खिशात. ती दाराशी उभी आहे — कोट नाही, बूट नाही — आणि इंग्रजीत विचारते, भांडे झाले का.

म्हटले, बस जरा. बसत नाही.

तीन वाजता

काथ्याने घासले, सुरीने खरवडले. तळाशी साखरेचा करपलेला थर आहे, नखाएवढा. गरम पाण्यात भिजवला असता तर केव्हाच सुटला असता, पण नळाला सकाळपासून गार पाणी, आणि शेगडीही पेटत नाही. भाड्याच्या गीझरवाल्यांनी फोनवर चाळीस मिनिटे संगीत ऐकवले. तिने दार उघडले आहे — मी तिचा पदर धरून एका हाताने लिहितो आहे — आणि गीझर कंपनीची बया फोनवर म्हणते की माणूस गुरुवारी येईल, सकाळी आठ ते रात्री आठ यांच्या दरम्यान केव्हाही, आणि त्या वेळी घरात दोघांपैकी एक तरी