ब्रेकसमोरची खूण

मंगळवार, संध्याकाळ

सुमनवहिनी आज स्कूटर घेऊन गॅरेजवर आल्या. दत्ताची बायको. दत्ता फौजेत ट्रक चालवायचा, मी त्याच ट्रकचा मेकॅनिक. एका सोमवारी घाटात ब्रेक लागले नाहीत आणि ट्रक दत्तासकट दरीत गेला.

"ब्रेक बघा की जरा," वहिनी म्हणाल्या. "तुमी हात लावला की मला घोर न्हाय. ह्येंचा लई भरवसा हुता तुमच्यावर."

मी खाली मान घालून चाक खोललं.

ट्रक रोज सकाळी तपासायचा आणि मगच तक्त्यावर खूण करायची, असा नियम. आम्ही शनिवारीच पुढच्या अख्ख्या आठवड्याच्या खुणा मारून मोकळे व्हायचो. सगळेच मारायचे. पण सगळ्यांचा दत्ता गेला नाही ना? त्या सोमवारी मी ट्रककडे फिरकलोही नव्हतो. ब्रेकसमोर खूण मात्र होती, माझ्या हातची. चौकशीत त्याच खुणेनं मला सोडवलं. ब्रेक ठीक होते म्हणजे चूक ड्रायव्हरची, असं ठरलं.

वहिनींचे ब्रेक आज तीनदा तपासले.

निघताना त्या म्हणाल्या, "ह्येंनीच गाडी जरा हळू चालवाया पायजे हुती, न्हाय का भावजी?"

मी "व्हय" म्हणालो.